दोन भाषा, दोन प्रांत आणि हिवाळी टायर : एसईओच्या एका कामाची हकिकत

ओटावा आणि गॅटिनो ही शहरं एका नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसली आहेत. ओटावा ओंटारियो प्रांतात, गॅटिनो क्वेबेकमध्ये. पूल ओलांडला की पाट्यांची भाषा बदलते आणि वाहनांचे नियमही बदलतात. आमच्या एका गिऱ्हाइकाची टायरची दुकानं या दोन्ही काठांवर आहेत आणि त्यांची वर्षाची खरी कमाई हिवाळी टायरवर होते. त्यांच्या वेबसाइटचं एसईओचं काम, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर यावी यासाठीचं काम, मी फोंड्यातून करते. ते माझ्याकडे आलं ते फ्रेंचमुळे. गोव्यात शाळेपासून फ्रेंच घेता येतं, मी ती पुढे विद्यापीठापर्यंत शिकले आणि सुटू दिली नाही.

त्यांची तक्रार सरळ होती. ओटावाच्या दुकानाला गूगलवरून नवं गिऱ्हाईक मिळतं, गॅटिनोच्या दुकानाला मिळत नाही. माल तोच, भाव तेच, साइटवर फ्रेंचही आहे. मग अडतं कुठे?

साइटवर फ्रेंच होतं हे खरं. वरच्या कोपऱ्यात एक बटण होतं, ते दाबलं की पान फ्रेंचमध्ये दिसायचं. पानाचा पत्ता मात्र तोच राहायचा, कारण निवडलेली भाषा कुकीत, म्हणजे ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत, साठवली जात होती. माणसाचं यावर भागतं. पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या क्रॉलरचं, म्हणजे गूगलबॉटचं, भागत नाही. तो भाषेची बटणं दाबत बसत नाही, कुकी पुढच्या पानापर्यंत नेत नाही, आणि आपल्याला कुठली भाषा हवी हे सांगणारा हेडरही पाठवत नाही. त्यात भर म्हणजे ही साइट येणाऱ्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, पाहून भाषा ठरवायची, आणि गूगलबॉट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येतो. त्याला दर खेपेला इंग्रजीच मिळत होती. गूगलच्या लेखी त्या साइटवर फ्रेंच पान एकही नव्हतं.

सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात साइट कुठल्या शोधांत दिसते ते कळतं. तिथे हे स्वच्छ दिसत होतं. कॅनडातले शोध वेगळे काढले तर फ्रेंच शोध अगदी थोडे, आणि त्यातले बरेचसे दुकानाच्या नावाचे. ज्यांना दुकान आधीपासून ठाऊक होतं तेच फ्रेंचमधून येत होते. ज्याला फक्त टायर हवे आहेत, दुकान कुठलं ते ठरलेलं नाही, असा गॅटिनोचा माणूस यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

पहिलं काम म्हणून प्रत्येक भाषेला स्वतःचे पत्ते दिले. यासाठी वेगळं डोमेन घेता येतं, सबडोमेन करता येतं किंवा एकाच डोमेनखाली दोन फोल्डर ठेवता येतात. यांच्याकडे कॅनडाचं डॉट सीए डोमेन आधीच होतं आणि त्याला जुने, चांगले दुवे होते, त्यामुळे फोल्डर हाच मार्ग योग्य वाटला. फ्रेंच पानांच्या पत्त्यातले शब्दही फ्रेंच ठेवले. अक्षरांवरच्या खुणा पत्त्यात चालतात, पण पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की त्यांची टक्केचिन्हांची लांब माळ होते. म्हणून पत्त्यात साधी अक्षरं आणि शब्दांमध्ये छोटी आडवी रेघ, आणि पानावर मात्र प्रत्येक खूण जिथल्या तिथे. जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्यावर जावा म्हणून कायमचे रिडायरेक्ट लावले. आयपी पाहून ढकलणं पूर्ण बंद केलं. भाषेचं बटण आता त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतल्या जोडीदाराकडे नेतं, मुखपृष्ठावर नेऊन सोडत नाही. बटणावर झेंडा लावायचा आग्रह होता, तो मी मानला नाही. क्वेबेकच्या माणसाला त्याची भाषा दाखवायला फ्रान्सचा झेंडा कशाला?

मग एचरेफलँग. ही खूण गूगलने २०११ च्या डिसेंबरमध्ये आणली. या पानाचं दुसऱ्या भाषेतलं रूप कुठे आहे ते तिने सांगायचं असतं. नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. प्रत्येक पानाने स्वतःकडे आणि आपल्या जोडीदाराकडे बोट दाखवायचं, आणि जोडीदारानेही उलट दाखवायचं. एकतर्फी खूण गूगल धरत नाही. आधी भाषेचा कोड, मग देशाचा. कॅनडाच्या साइटांवर मी नेहमी पाहते, कोणी नुसतं 'सीए' लिहून मोकळं होतं. भाषेच्या जागी 'सीए' म्हणजे कॅटलान. कोणी फ्रेंचपुढे क्वेबेकचा 'क्यूसी' जोडतं, पण तिथे देशाचाच कोड चालतो, प्रांताचा नाही. आम्ही इंग्रजी-कॅनडा, फ्रेंच-कॅनडा आणि बाकीच्यांसाठी एक्स-डिफॉल्ट अशी तीन नोंदींची व्यवस्था साइटच्या सगळ्या पानांची यादी असलेल्या साइटमॅपमध्येच केली, म्हणजे पानांचा भार वाढत नाही आणि सगळं एका जागी तपासता येतं. मायक्रोसॉफ्टचं शोधयंत्र बिंग या खुणेवर विसंबत नाही, ते पानाच्या कोडमधली भाषेची नोंद, म्हणजे मेटा टॅग, बघतं, तोही घातला.

याच टप्प्यावर कॅनॉनिकलचा घोळ सापडला. सारख्या दिसणाऱ्या पानांतलं अस्सल कुठलं हे गूगलला सांगणारी ही खूण. साइटची थीम, म्हणजे पानांचा साचा, ज्यांनी बसवली होती त्यांच्या मांडणीत नव्या फ्रेंच पानांचाही कॅनॉनिकल इंग्रजी पानाकडेच वळत होता. म्हणजे फ्रेंच पान स्वतःच गूगलला सांगत होतं की मी नक्कल आहे, अस्सल पान तिकडे आहे. पत्ते कितीही नीट केले असते तरी हे तसंच राहिलं असतं, तर फ्रेंच पानं यादीत आलीच नसती. प्रत्येक भाषेच्या पानाचा कॅनॉनिकल त्याच पानाकडे हवा.

एवढं झालं की काम संपलं असं बरेच जण समजतात. गिऱ्हाइकालाही तसंच वाटलं. 'खुणा आज चढवा, मजकुराचं सावकाश बघू,' असा निरोप आला. मी थांबवलं. एचरेफलँग लावतो तेव्हा आपण एक वचन देत असतो, की ही दोन पानं एकमेकांच्या बरोबरीची आहेत. इकडे जे मिळतं ते तिकडेही मिळेल. ते वचन खरं आहे का, हे बघायला मी दोन्ही भाषांतली पानं शेजारी शेजारी उघडली.

बरोबरी कुठेच नव्हती. गाडीचं मॉडेल घालून टायर शोधायची सोय फक्त इंग्रजीत. हमीचं पत्रक इंग्रजीत. टायर बसवायची वेळ ठरवल्यावर येणारी मेल इंग्रजीत. पैसे भरायच्या पानावर कार्ड नाकारलं गेलं तर तो निरोपही इंग्रजीत. फ्रेंच वाचत वाचत माणूस आत येतो आणि नेमक्या पैसे द्यायच्या क्षणी आपण त्याला परक्या भाषेत सोडतो. यात कायद्याचाही भाग आहे. क्वेबेकचा फ्रेंच भाषेचा कायदा १९७७ चा, आणि २०२२ साली तो आणखी कडक झाला. तिथे दुकान असेल तर साइटचं फ्रेंच रूप दुसऱ्या भाषेतल्या रूपाइतकंच सहज आणि पूर्ण मिळायला हवं. पहिल्या गुन्ह्याला कंपनीला ३,००० ते ३०,००० डॉलर दंड होऊ शकतो. तो आकडा पाठवल्यावर मजकुराचं काम सावकाश उरलं नाही.

पण सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट एका साध्या माहितीच्या पानावर होती. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. नसतील तर २०० ते ३०० डॉलर दंड. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असावी लागते, हे २०१४ च्या डिसेंबरपासून. ओंटारियोत अशी सक्ती नाही. इंग्रजी पान ओटावा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं होतं : हिवाळी टायर सक्तीचे नाहीत, पण लावलेले बरे. फ्रेंच पान याच पानावर मशीन फिरवून केलेलं. गॅटिनोच्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्याच गावातल्या दुकानाची साइट सांगत होती की तुझ्याकडे सक्ती नाही. व्याकरणात एकही चूक नव्हती. माहिती मात्र त्याला दंडात घालणारी होती, बर्फावरून घसरला तर जिवावरची.

इथून पुढे मी प्रत्येक पानाकडे दोन प्रश्न घेऊन बघायला लागले : वाचणारा कुठल्या भाषेचा आणि राहणारा कुठल्या प्रांतातला. सुरुवातीला वाटतं की फ्रेंच म्हणजे क्वेबेक आणि इंग्रजी म्हणजे ओंटारियो. जमिनीवर तसं नाही. ओटावाच्या पूर्वेला ओर्लियाँ भागात पुष्कळ फ्रेंचभाषक राहतात. गॅटिनोच्या एल्मर भागात पुष्कळ इंग्रजीभाषक. ओर्लियाँच्या माणसाला ओंटारियोचा नियम फ्रेंचमध्ये हवा, आणि हिवाळी टायर लावले तर विम्याच्या हप्त्यात सवलत द्यायचं बंधन तिथल्या विमा कंपन्यांवर १ जानेवारी २०१६ पासून आहे, हेही त्याला फ्रेंचमध्येच कळायला हवं. एल्मरच्या माणसाला क्वेबेकची सक्ती इंग्रजीत वाचायची आहे. एचरेफलँगला प्रांत कळत नाही, म्हणून हे काम मजकुरानेच करावं लागतं. आम्ही प्रांतवार दोन विषय केले, क्वेबेकचा नियम आणि ओंटारियोची सवलत, आणि दोन्ही दोन्ही भाषांत लिहिले. चार पानं, दोन जोड्या. प्रत्येक पानाच्या पहिल्याच ओळीत प्रांताचं नाव.

गोव्यात वाढलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा आहे. आमचे बाबा सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचतात, बाजारात कोंकणी बोलतात आणि मोबाइलवर काही शोधायचं असेल तर रोमन अक्षरांत इंग्रजी टाइप करतात. कोण कुठली भाषा बोलतो यावरून तो कुठल्या भाषेत शोधेल हे सांगता येत नाही. २०२१ च्या जनगणनेत क्वेबेकमधले ४६.४ टक्के लोक इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलू शकणारे होते. सबंध कॅनडात हे प्रमाण १८ टक्के. या ४६ टक्क्यांकडे बघून 'त्यांना इंग्रजी येतंच की' असं कोणी म्हणालं, की मी बाबांचं उदाहरण देते. इंग्रजी टाइप करता येणारा माणूस हमीपत्र आपल्या भाषेत वाचायला मागतो, आणि तो हक्क आहे त्याचा.

लोक काय टाइप करून शोधतात ते शब्द काढताना गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या साधनात भाषा फ्रेंच आणि ठिकाण क्वेबेक लावलं, मग न्यू ब्रन्सविकही पाहिलं, कारण कॅनडात घटनेनेच दोन्ही भाषांना सरकारी दर्जा देणारा तेवढाच एक प्रांत आहे. फोंड्यातून गूगलचं कॅनडातलं पान उघडून काही उपयोग नसतो. २०१७ पासून निकाल माणूस जिथे बसला आहे तिथले येतात, डोमेन कुठलंही असो. त्यासाठी गूगल ॲड्समधलं प्रिव्ह्यूचं साधन बरं, त्यात शहर आणि भाषा निवडता येते.

तरी साधनांनी जे दिलं नाही ते गॅटिनोच्या काउंटरवरच्या बाईंनी दिलं. त्या वर्षानुवर्षं दुकानाचा फोन उचलतात. तिकडच्या उन्हाळ्यात त्यांच्या-आपल्या घड्याळात साडेनऊ तासांचं अंतर असतं. त्यांचं दुकान उघडायचं तेव्हा इथे संध्याकाळ झालेली, बाहेर धो धो पाऊस, वीज गेली तर इन्व्हर्टरवर लॅपटॉप. मी त्यांना एवढंच विचारलं, की फोनवर लोक पहिलं वाक्य काय बोलतात. हिवाळा संपला की टायर दुकानातच ठेवून जायची सोय असते, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तिची गरज पडते. तिला त्यांच्याकडे सगळे 'आंत्रपोझाज' म्हणतात. आमच्या जुन्या फ्रेंच पानावर फ्रान्समध्ये चालणारा शब्द होता, तो गॅटिनोत कोणी शोधत नाही. वापरलेल्या टायरचं तसंच. अलॉय व्हीलला तिथला माणूस सरळ 'मॅग' म्हणतो. अशी बरीच यादी झाली, तिचा कागद अजून माझ्या भिंतीवर आहे. आणखी एक गोष्ट त्या सहज बोलून गेल्या, ती मला सगळ्यात मोलाची वाटते : नोव्हेंबरात फोन करणाऱ्याला भाव नको असतो, त्याला १ डिसेंबरच्या आत वेळ मिळेल का ते हवं असतं. कुठला शोध कधी वाढतो ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर प्रांतवार आलेख लावला तर तेच दिसत होतं. क्वेबेकमध्ये मागणी कायद्याच्या तारखेच्या आधी चढत जाते, ओंटारियोत ती पहिल्या बर्फाबरोबर उसळते. म्हणून फ्रेंच पानावर वेळ ठरवायचं बटण सगळ्यात वर आलं. इंग्रजी ओटावा पानावर ते भावांच्या खाली राहिलं.

मशीन भाषांतरावर मालकांशी बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, मशीन आता चांगलं फ्रेंच लिहितं. लिहितं, हे मलाही मान्य आहे, आणि टायरच्या मापांची कोष्टकं, साध्या सूचना यांचा पहिला खर्डा आम्ही मशीनकडूनच घेतला. पण कोणाच्याही नजरेखालून न जाता शेकड्यांनी पानं ओतणं गूगलच्या स्पॅमविषयक धोरणातही बसत नाही, आणि सक्तीच्या पानाचं काय झालं होतं ते समोर होतंच. ठरलं ते असं : नियम, हमी, परतावा आणि सुरक्षितता यांची पानं मी मुळातून फ्रेंचमध्ये लिहायची, बाईंनी वाचायची आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय काही चढवायचं नाही. त्यांच्या या वेळेचे वेगळे पैसे मिळावेत असं मी मालकांना लिहिलं, आणि ते मिळाले. पुष्कळ ठिकाणी हे काम 'तुला येतंच ना, बघून टाक' म्हणून फुकटात करून घेतलं जातं.

बारीकसारीक गोष्टी खूप होत्या. फ्रेंच वाक्य इंग्रजीपेक्षा लांब होतं, आणि शोधाच्या निकालात दिसणारं पानाचं शीर्षक, म्हणजे टायटल, गूगल रुंदीप्रमाणे तोडतं, म्हणून महत्त्वाचा शब्द पुढे आणून टायटल नव्याने बांधावं लागतं. इंग्रजी टायटलमध्ये प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करायची रीत आहे, फ्रेंचमध्ये फक्त पहिला. डॉलरचं चिन्ह आकड्यानंतर, मध्ये जागा सोडून, आणि दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम. क्वेबेकमध्ये प्रश्नचिन्हाआधी जागा सोडत नाहीत, फ्रान्समध्ये सोडतात. इंग्रजीतही टायरचं स्पेलिंग तिथे अमेरिकेसारखं 'आय'ने होतं, आपण इथे शिकलो तसं 'वाय'ने नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींनी क्रमांक वर-खाली होत नसेल. पण वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं की हे पान आपल्या इथल्या कोणीतरी जबाबदारीने केलं आहे, की कुठून तरी उचलून आणलं आहे.

दुसऱ्या साइटांवरून येणाऱ्या दुव्यांचं काम मात्र फार सोपं निघालं. टायर कंपन्यांच्या आणि स्थानिक गॅरेजांच्या साइटवर दुकानाचा दुवा होताच, पण त्यांच्या फ्रेंच पानांवरूनही तो इंग्रजी मुखपृष्ठाकडे जात होता. नम्रपणे लिहिलं, बहुतेकांनी बदलून दिला. गूगलवरच्या दुकानांच्या नोंदी वेगळ्या केल्या, गॅटिनोच्या नोंदीचा दुवा फ्रेंच पानाकडे, आणि तिथे आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला लिहिणाऱ्याच्या भाषेत उत्तर.

सगळं चवथीच्या आधी चढवायचं असं मी आग्रहाने ठरवून घेतलं होतं. गूगलला नवी पानं ओळखून स्थिरावायला वेळ लागतो, आणि ऑक्टोबरपर्यंत ती जागेवर नसतील तर तो हिवाळा गेलाच. चवथीला घरी माणसं असताना सर्च कन्सोल उघडून बसणं आईला आवडलं नाही, पण फ्रेंच फोल्डरचा आलेख तेव्हाच हलायला लागला होता. आधी माहितीची पानं आली, मग टायरांची. ऑक्टोबर अखेरीस क्वेबेकच्या सक्तीचं फ्रेंच पान गॅटिनो परिसरातल्या शोधांत पहिल्या पानावर दिसू लागलं, आणि ते दुकानाचं नाव नसलेल्या शोधांत. नोव्हेंबरात वेळ ठरवणाऱ्या फ्रेंच अर्जांचा ओघ असा वाढला की दुकानाला संध्याकाळची जादा पाळी लावावी लागली. एल्मरकडून इंग्रजीतही अर्ज आले. ती इंग्रजी क्वेबेक पानं 'कोण वाचणार' म्हणून जवळजवळ वगळली जाणार होती.

आता मार्चनंतरचं काम चालू आहे. इंग्रजीत 'ऑल सीझन' आणि 'ऑल वेदर' अशी दोन नावं आहेत आणि ती ऐकायला सारखी आहेत. डोंगर-हिमकणाची खूण असलेला ऑल वेदर टायर क्वेबेकच्या हिवाळ्यात चालतो. नुसती चिखल-बर्फाची 'एम अधिक एस' खूण असलेला ऑल सीझन चालत नाही. फ्रेंचमध्ये या दोन्हींसाठी नावांची सरमिसळ आणखी जास्त आहे, आणि शोधणारे तर दोन्ही एकच समजून शोधतात. म्हणून नावांवर भर न देता टायरच्या बाजूवरची खूण कशी ओळखायची हे फोटोसह दाखवणारं पान लिहिलं आहे. त्याचा फ्रेंच मसुदा गॅटिनोला गेला आहे. बाईंच्या दुरुस्त्या आल्या की दोन्ही भाषांतली पानं एकाच दिवशी चढवू.